इंग्रजी समासशब्द : अक्षरविभाग आणि आघात

१

इंग्रजी भाषेतील सामासिक शब्दांचे अक्षरविभाग कसे पाडावेत आणि त्यांतील आघात कोणत्या पदावर पडतो, हा प्रश्न प्रथमदर्शनी शाळेतील भाषाशिक्षकांपुरताच वाटण्याचा संभव आहे. काव्याचा अभ्यासक, भाषांतरकार किंवा समीक्षक यांना त्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका सहज येते. परंतु भारतीय वाचकाचा इंग्रजी साहित्याशी जडलेला संबंध मुख्यतः डोळ्यांच्या वाटेने जडलेला आहे, कानांच्या वाटेने नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप पालटते. छापील पानावर अक्षरे दिसतात, आघात दिसत नाही. जे दिसत नाही ते नाहीच असे समजून वाचन होऊ लागले, तर इंग्रजी पद्याची लयच नव्हे, तर कित्येकदा साध्या वाक्याचा अर्थही हातातून निसटतो.

‘इंग्लिश टीचर’ हे दोन शब्द घ्यावेत. पहिल्या पदावर मुख्य आघात दिला, तर ‘इंग्रजी हा विषय शिकविणारा शिक्षक’ असा अर्थ होतो; मग तो शिक्षक नागपूरचा असो की मदुरेचा. दुसऱ्या पदावर मुख्य आघात दिला, तर ‘इंग्रज असलेला शिक्षक’ असा अर्थ होतो. मग तो गणित का शिकवीत असेना. दोन्ही ठिकाणी लेखन एकच, शब्दक्रम एकच, व्याकरणातील प्रत्ययही कोठे वेगळा नाही. भेद आहे तो केवळ आघाताचा. ‘डान्सिंग गर्ल’ या शब्दांचेही तसेच. पूर्वपदावर आघात असता ती नर्तकी असते; उत्तरपदावर असता ती या क्षणी नाचत असलेली कोणीही मुलगी असते. भाषांतरकाराने यांतील कोणता शब्द स्वीकारावा, हे छापील ओळ सांगत नाही. संदर्भाने उलगडा न झाल्यास तो कानानेच करावा लागतो.

इंग्रजीत दोन शब्दांचा समास झाला आहे की ते नुसतेच शेजारी उभे आहेत, हे प्रायः आघात ठरवितो. लेखन ठरवीत नाही. हे एक सूत्र नीट समजले, तर अक्षरविभागाचे व लयीचे पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

२

आघाताकडे वळण्यापूर्वी अक्षराचा विचार केला पाहिजे. कारण आघात पडतो तो अक्षरावर. येथे ‘अक्षर’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे अवश्य आहे. मराठीत हा शब्द लिहिलेल्या चिन्हासाठीही वापरला जातो आणि एका स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासाठीही. हे दोन अर्थ एक नव्हेत. ‘देवघर’ या शब्दात लिहिताना चार अक्षरे येतात. बोलताना मात्र ‘देव्’ आणि ‘घर्’ अशी दोनच ऐकू येतात. मराठी माणसाला हा उच्चार कोणी शिकवावा लागत नाही. कारण ‘देव’ आणि ‘घर’ यांचा सांधा त्याच्या मनात पक्का असतो. प्रस्तुत विवेचनात अक्षर म्हणजे उच्चारातील अक्षर, हाच अर्थ अभिप्रेत आहे.

इंग्रजीत दोन स्वरांच्या मध्ये एक किंवा अधिक व्यंजने आली, म्हणजे ती मागील अक्षरात घ्यावीत की पुढील, हा प्रश्न उपस्थित होतो. साध्या शब्दांच्या बाबतीत बहुतेक ध्वनिशास्त्रज्ञ असा नियम सांगतात की, जेवढी व्यंजने मिळून एखाद्या इंग्रजी शब्दाचा आरंभ होऊ शकतो तेवढी पुढील अक्षराकडे जातात. ‘नायट्रेट’ या रासायनिक द्रव्याच्या नावात ट् आणि र् ही दोन्ही व्यंजने दुसऱ्या अक्षरात जातात. कारण ‘ट्री’, ‘ट्रेन’ यांसारखे शब्द याच जोडीने सुरू होतात. परंतु ‘नाइट रेट’, म्हणजे रात्रीचा दर, हा समास घेतला, की तोच नियम थांबतो. येथे ट् हा ‘नाइट’चा आहे व र् हा ‘रेट’चा, त्यांच्या मधून सांधा जातो आणि अक्षराची सीमा त्या सांध्यावरच पडते. व्यंजने तीच, स्वर तेच, मुख्य आघातही दोहोंत पहिल्या अक्षरावरच. तरीही ऐकणाऱ्याला दोन शब्द वेगळे कळतात. ‘नाइट रेट’मधील ट् अक्षराच्या शेवटी असल्यामुळे आटोपता उच्चारला जातो व त्याच्या मागील स्वर किंचित आखूड होतो, ‘नायट्रेट’मधील ट् अक्षराच्या आरंभी असल्यामुळे पुढील र् मध्ये घर्षणासह मिसळतो. पायासुद्धा न दिसणारी ही भिंत कानाला मात्र स्पष्ट जाणवते.

यावरून समासाच्या अक्षरविभागाचा पहिला नियम निघतो : आधी सांधा शोधावा, मग प्रत्येक पदाचे अक्षरविभाग स्वतंत्रपणे पाडावेत. हा क्रम उलटला म्हणजे चुका होतात. ‘हॉटहाउस’ किंवा ‘स्वीटहार्ट’ या शब्दांत रोमन लिपीतील टी आणि एच ही अक्षरे शेजारी येतात. ज्याला सांधा दिसला नाही तो त्यांची जोडी लावून ‘थ’ असा उच्चार करतो. ‘शेपर्ड’ म्हणजे मेंढपाळ. हा शब्द मेंढीवाचक ‘शीप’ आणि राखणदारवाचक ‘हर्ड’ यांच्या समासातून आलेला आहे. त्यातील ह् उच्चारात लुप्त झाला. लेखनात मात्र पी आणि एच एकत्र राहिले. त्यामुळे हे आडनाव मराठीत ‘शेफर्ड’ असे लिहिले जाते. येथे डोळ्याने कानाची जागा घेतली आहे.

ओळीच्या अखेरीस शब्द तोडण्याच्या मुद्रणव्यवहारातही हाच प्रश्न येतो. शब्द व्युत्पत्तीनुसार तोडावा की उच्चारानुसार, याविषयी ब्रिटिश व अमेरिकन मुद्रकांत दीर्घकाळ मतभेद राहिला. नोआ वेब्स्टर याने आपल्या १७८३ च्या वर्णलेखनाच्या पुस्तकात उच्चारानुसार विभाग पाडण्याचा आग्रह धरला. त्याच्या उदाहरणांत नाकपुडी या अर्थाचा ‘नॉस्ट्रिल’ हा शब्द आहे. तो ‘नॉ-स्ट्रिल’ असा न तोडता ‘नॉस्-ट्रिल’ असा तोडावा, असे त्याचे म्हणणे. गमतीची गोष्ट अशी की, हा शब्द मुळात ‘नाक’ आणि ‘भोक’ या अर्थांच्या दोन जुन्या इंग्रजी पदांचा समास असून त्याचा प्राचीन सांधा नेमका त्याच जागी होता. ज्या शब्दांत सांधा अद्याप जिवंत आहे, तेथे मात्र वादाला जागा नाही. ‘ब्लॅक-बोर्ड’ हा शब्द दोन्ही पंथांचे मुद्रक एकाच ठिकाणी तोडतात.

३

आता आघात. इंग्रजी नामसमासाचा सर्वसाधारण नियम असा की, मुख्य आघात पूर्वपदावर पडतो आणि उत्तरपदावर गौण आघात राहतो. ‘ब्लॅकबर्ड’ हे एका विशिष्ट पक्ष्याचे नाव. त्यात ‘ब्लॅक’ प्रबळ. ‘ब्लॅक बर्ड’ म्हणजे कोणताही काळा पक्षी, कावळाही चालेल. तेथे विशेषणावर आघात असतोच, परंतु ‘बर्ड’वरील आघात अधिक प्रबळ होतो. छायाचित्रकाराची ‘डार्करूम’ आणि कोणतीही अंधारी खोली, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे ‘व्हाइट हाउस’ आणि कोणाचेही पांढरे घर, यांतील भेद असाच. क्रियापद व अव्यय यांच्या जोडीतही हेच दिसते. मोडून पडणे या अर्थी ‘ब्रेक डाउन’ म्हणताना ‘डाउन’ प्रबळ. मोडतोड या अर्थाच्या नामात ‘ब्रेक’ प्रबळ.

लेखनाची पद्धत याबाबतीत विश्वसनीय नाही. समासशब्द कधी जोडून, कधी मध्ये आडवी रेघ देऊन, कधी तोडून लिहिले जातात. ‘ब्लॅकबोर्ड’ जोडून लिहितात, ‘पोस्ट ऑफिस’ तोडून. आघात दोहोंत पूर्वपदावरच. ऑक्सफर्डच्या ‘शॉर्टर’ कोशाच्या २००७ मधील सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतील संयोगरेघा काढून टाकल्या. तेवढ्याने त्या शब्दांच्या उच्चारात काही फरक पडला नाही.

नियमाला अपवाद आहेत, आणि ते विस्कळीत नसून त्यांचेही गट पडतात. उत्तरपदाची वस्तू पूर्वपदाच्या द्रव्याची बनलेली असेल, तर आघात बहुधा उत्तरपदावर जातो. ‘कॉटन शर्ट’, ‘गोल्ड रिंग’, ‘अ‍ॅपल पाय’ ही त्याची उदाहरणे. परंतु ‘ज्यूस’ व ‘केक’ हे शब्द उत्तरपदी आले, की द्रव्याचा संबंध असूनही आघात पूर्वपदावर परततो : ‘ऑरेंज ज्यूस’, ‘अ‍ॅपल केक’. रस्त्यांच्या नावांत तर केवळ उत्तरपदानेच निर्णय होतो. ‘स्ट्रीट’ असेल, तर आघात पूर्वपदावर. ‘रोड’ किंवा ‘अ‍ॅव्हेन्यू’ असेल, तर उत्तरपदावर. ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’ आणि ‘ऑक्सफर्ड रोड’ ही नावे एकाच चालीत म्हणणारा माणूस परका आहे, हे इंग्रजाला तत्काळ कळते.

विशेषण म्हणून येणाऱ्या समासांत आघात बहुधा उत्तरपदाकडे असतो : ‘बॅड-टेम्पर्ड’, ‘शॉर्ट-सायटेड’, ‘ओल्ड-फॅशन्ड’. येथे एक लक्षणीय गोष्ट घडते. असे विशेषण वाक्याच्या अखेरीस आले, तर आघात उत्तरपदावरच राहतो. परंतु त्याच्यापुढे आघातयुक्त नाम आले, की तो मागे सरकून पूर्वपदावर जातो. ‘बॅड-टेम्पर्ड’मध्ये ‘टेम्’ प्रबळ. ‘बॅड-टेम्पर्ड टीचर’ म्हणताच ‘बॅड’ प्रबळ होते. दुपार या अर्थी ‘आफ्टरनून’मध्ये ‘नून’ प्रबळ. ‘आफ्टरनून टी’मध्ये ‘आफ्’. दोन प्रबळ आघात एकमेकांस खेटून येऊ नयेत, ही भाषेचीच प्रवृत्ती त्यामागे आहे. सारांश, समासातील आघात हा शब्दाला कायमचा डकवलेला नसतो. तो वाक्याच्या लयीशी बांधलेला असतो.

समासाचाच पुन्हा समास झाला, म्हणजे या व्यवस्थेचे सौंदर्य अधिक प्रतीत होते. ‘लाइट’, ‘हाउस’ आणि ‘कीपर’ ही तीन पदे ओळीने ठेवावीत. ‘लाइट’वर मुख्य आघात दिला, तर दीपगृहाचा रखवालदार असा अर्थ होतो. ‘हाउस’वर मुख्य आघात दिला, तर अंगाने हलकी अशी घरकाम सांभाळणारी बाई असा अर्थ होतो. ट्रेगर आणि स्मिथ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी १९५१ साली इंग्रजीत आघाताच्या चार श्रेणी मानल्या, त्या असल्याच उदाहरणांचा निर्वाह करण्यासाठी. पुढे चॉम्स्की आणि हॅले यांनी १९६८ मध्ये त्या श्रेणी मुळात मानण्याऐवजी दोन नियमांपासून त्या निष्पन्न करून दाखविल्या : समासात पूर्वपद प्रबळ, पदबंधात अंत्यपद प्रबळ; आणि हे नियम आतल्या जोडीपासून बाहेरच्या जोडीकडे क्रमाने लावावयाचे. लिबरमन आणि प्रिन्स यांनी १९७७ साली त्यात एक महत्त्वाची सुधारणा केली. समासाचे उत्तरपद स्वतःच दोन पदांचे बनलेले असेल, तर प्राबल्य त्याच्याकडे जाते. ‘किचन टॉवेल रॅक’ म्हणजे स्वयंपाकघरातील पुसण्यांची मांडणी असेल, तर ‘किचन’ प्रबळ. स्वयंपाकघरात लावलेली टॉवेलची मांडणी असेल, तर ‘टॉवेल’ प्रबळ. श्रोता आघात ऐकतो आणि समासाचा विग्रह त्याच्या मनात आपोआप होतो.

४

आघाताने समासाचा विग्रह ठरतो, ही कल्पना भारतीय वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. किंबहुना जगातील कोणत्याही व्याकरणपरंपरेपेक्षा येथील परंपरेनेच ती अधिक बारकाईने पाहिली होती. त्वष्ट्याची कथा प्रसिद्ध आहे. इंद्राचा वध करील असा पुत्र त्याला हवा होता. ‘इंद्रशत्रु’ हा शब्द त्याने अंत्य अक्षरावर उदात्त देऊन उच्चारला असता, तर तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा मारक’ असा अर्थ झाला असता. उदात्त आद्य अक्षरावर पडला, बहुव्रीही झाला, ‘इंद्र ज्याचा मारक आहे तो’ असा अर्थ होऊन वृत्र मारला गेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरणाध्ययनाचे प्रयोजन सांगताना याच स्वरदोषाचा उल्लेख केला आहे. पाणिनीने समासाचा स्वर सामान्यतः अंती सांगून बहुव्रीहीत पूर्वपदाचा मूळ स्वर टिकतो, असा विशेष नियम केला. समासस्वराच्या विचाराला त्याने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायातील एक अखंड पाद दिला आहे.

अर्थात साम्य दाखविताना भेदही सांगितला पाहिजे. वैदिक स्वर हा आवाजाच्या चढउताराचा होता. इंग्रजी आघात हा मुख्यतः जोराचा असून त्याबरोबर स्वराची लांबी व स्पष्टताही बदलते. वैदिक स्वराने एका समासाचा दुसऱ्या समासापासून भेद केला. इंग्रजी आघात प्रायः समास आणि पदबंध यांच्यात भेद करतो. ब्लूमफील्डने १९३३ च्या आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात तत्पुरुष, बहुव्रीही, द्वंद्व या संस्कृत संज्ञा समासविचारासाठी स्वीकारल्या, आणि इंग्रजी समासाची ओळख म्हणून आघाताकडे बोट दाखविले. संज्ञा येथून गेल्या. परंतु आधुनिक भारतीय भाषांतून तो प्राचीन स्वर प्रायः लोपला असल्याने त्या संज्ञांमागील कान मात्र येथे उरला नाही. मराठीत आघात आहे, पण तो सौम्य आहे आणि अर्थभेद करीत नाही. म्हणूनच मराठी वाचक इंग्रजी समास वाचताना दोन्ही पदांना सारखेच वजन देतो.

५

इंग्रजी आघाताचा जोर किती, हे त्याने काळाच्या ओघात केलेल्या झिजेवरून दिसते. पूर्वपद प्रबळ राहिले, की उत्तरपद हळूहळू दुर्बळ होते, त्याचा स्वर पुसट होतो, आणि अखेरीस सांधाच नाहीसा होतो. ‘कबर्ड’ हा मुळात ‘कप’ आणि ‘बोर्ड’ यांचा समास. आज त्यात फळीही ऐकू येत नाही आणि पेलाही. ‘लॉर्ड’ हा एका अक्षराचा शब्द जुन्या इंग्रजीत ‘भाकरीचा रक्षक’ अशा अर्थाचा समास होता. ‘लेडी’ म्हणजे भाकरीचे पीठ मळणारी. ‘डेझी’ या फुलाच्या नावात दिवसाचा डोळा दडला आहे, आणि उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आलेल्या ‘विंडो’त वाऱ्याचा. मराठीलाही ही प्रक्रिया अपरिचित नाही. देवकुलाचे देऊळ, कुंभकाराचा कुंभार, मातृगृहाचे माहेर झाले. कारणे सर्वस्वी एक नव्हेत. पण समासाचा सांधा विसरला गेला म्हणजे दोन शब्दांचा एक शब्द कसा होतो, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

ही झीज आजही चालू आहे. ‘पोस्टमन’मधील उत्तरपदाचा स्वर इंग्रजीत पुसट झाला आहे. मराठीने हा शब्द ‘पोस्टमॅन’ असा न लिहिता ‘पोस्टमन’ असा स्वीकारला, ही गोष्ट बोलकी आहे. जे शब्द कानाने आले त्यांत इंग्रजी आघाताचा परिणाम आपोआप टिपला गेला. जे पुस्तकातून आले त्यांत तो हरवला. ‘बेडरूम’ हा शब्द उच्चारताना कित्येक इंग्रज ड् आणि र् यांना एकाच अक्षराच्या आरंभी आणतात. तेथे सांधा झिजू लागला असल्याचे ते चिन्ह होय.

६

या सर्व विवेचनाचा काव्याशी असलेला संबंध आता स्पष्ट होईल. जुन्या इंग्रजी काव्याचा पायाच आघात व अनुप्रास यांवर उभा आहे. ३,१८२ ओळींच्या ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात समुद्राला ‘देवमाशाचा मार्ग’, शरीराला ‘हाडांचे घर’ अशी सामासिक नावे पदोपदी येतात. अशा समासात ओळ बांधणारा अनुप्रास पूर्वपदाच्या आद्य ध्वनीवर पडतो; कारण प्रबळ आघात तेथे असतो. उत्तरपदाचा गौण आघातही व्यर्थ जात नाही. झीव्हर्स या जर्मन पंडिताने १८९३ मध्ये या पद्याच्या अर्ध्या ओळींचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांतील दोन प्रकारांत या गौण आघातासाठी स्वतंत्र जागा आहे. हे समास केवळ अलंकार म्हणून वाचणे म्हणजे ओळीचा खांब नक्षी समजून सोडून देण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात हॉपकिन्सने याच प्राचीन बळाकडे पुन्हा पाहिले. त्याच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर, १९१८ साली, रॉबर्ट ब्रिजेस यांनी प्रसिद्ध केल्या. दोन प्रबळ अक्षरे लगत ठेवण्याची मुभा देणारी त्याची छंदोरचना नव्या नव्या समासांवर पोसलेली आहे. ‘द विंडहोव्हर’ या त्याच्या सुनीतात पहिली ओळ ‘किंगडम’ हा शब्द मध्येच तोडून संपते. हा तोड स्वैर नाही. ‘डम’ हा आज प्रत्यय असला, तरी पूर्वी स्वतंत्र शब्द होता. तोड त्या जुन्या सांध्यावरच पडतो. प्रबळ ‘किंग’ ओळीच्या अखेरीस येऊन पुढील सात ओळींच्या यमकाशी जुळतो आणि दुर्बळ ‘डम’ पुढच्या ओळीच्या आरंभी सरकतो. अक्षरविभाग, आघात आणि यमक अशा तिहींची गाठ एकाच शब्दात पडलेली आहे.

मराठी छंदःशास्त्राची जडणघडण वेगळी. माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’त व्यवस्थित मांडलेली वृत्ते, जाती आणि छंद ही व्यवस्था लघु-गुरूंच्या, मात्रांच्या आणि अक्षरसंख्येच्या हिशेबावर चालते. तो हिशेब इंग्रजी ओळीला लावला, म्हणजे ‘ब्लॅकबर्ड’ची दोन्ही अक्षरे गुरू ठरतात, आणि प्रबळ-दुर्बळांच्या आवर्तनावर बेतलेली ओळ अकारण जड किंवा अनियमित वाटू लागते. इंग्रजी पद्याच्या लयीविषयी असा अभिप्राय बनला, तर दोष कवीचा नसतो, मोजपट्टीचा असतो.

हा दोष केवळ काव्यवाचनापुरता नाही. १९५८ साली हैदराबाद येथे स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेविषयीचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्याला न कळण्याच्या कारणांत अस्थानी पडलेल्या आघातांना त्यात महत्त्वाचे स्थान दिले आहे. भारतीय इंग्रजीला स्वतःचे वळण असण्यात गैर काही नाही. परंतु एका भाषेत लिहिलेली ओळ वाचताना तिच्या कर्त्याने ती कोणत्या तोलाने उच्चारली, हे जाणणे हा वाचकाचा धर्मच आहे.

त्यासाठी लागणारी साधने दुर्मिळ नाहीत. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश १९१७ पासून उपलब्ध आहे, आणि त्यानंतरचे कोशही समासांचे आघात दाखवितात. समास समोर आला, की आधी त्याचा सांधा पाहावा, प्रत्येक पदाची अक्षरे वेगळी मोजावीत, पदांचा परस्परसंबंध ध्यानात घेऊन आघाताची जागा ठरवावी, आणि शेवटी तो आघात वाक्याच्या लयीत जागा बदलतो की काय, हे पाहावे. ‘इंद्रशत्रु’ या एका शब्दातील स्वरदोष ज्या परंपरेने इतकी शतके स्मरणात ठेवला, तिच्या वारसदारांना एवढा अभ्यास जड वाटू नये.